कोबीराजाचं काय करायचं?

शनिवार, २५ जानेवारी २०१४

आज आम्ही एका रशियन माणसाला राजा केलं. रीतसर, ताटं मोजून, आणि शुद्धीवर असताना. निदान मोजणी होईपर्यंत तरी सगळे शुद्धीवर होते.

आमच्या ग्रोनलोह गावची वार्षिक कोबीफेरी यंदा झकास झाली. सकाळी अकराला हातगाडीवर बाटल्या लादल्या, गळ्यात दोरीने पेले अडकवले, आणि गोठलेल्या रस्त्यावर लाकडी गोळे फेकत सगळं गाव निघालं. गोळा खड्ड्यात गेला की एक पेला, नाही गेला की दोन. चारला खानावळीत पोचलो तेव्हा भूक अशी लागली होती की कुरळ्या पानांचा तो हिरवा कोबी, डुकराची चरबी आणि पिंकेल सॉसेज, असं सगळं ताटात पडल्यापडल्या गुल.

सर्वांत जास्त ताटं रिचवतो तो वर्षभर आमचा कोबीराजा. यंदा तो मान गेनादी पावलोविचने मिळवला. आठ ताटं. गेनादी म्हणजे रेचेन्स्कचा उपनगराध्यक्ष; हे रशियन गाव मैत्रीच्या कराराने आमचं जुळं गाव आहे. तरुणपणी पूर्व जर्मनीत सोव्हिएत सैन्यात शिपाई होता, त्यामुळे जर्मन आमच्याहून बरं बोलतो आणि शिव्या तर फारच बऱ्या देतो.

नव्या राजाचा पहिला हुकूम जुन्या राजाने पाळायचाच, मग तो काहीही असो. ही आमची शंभर वर्षांची रीत. जुना राजा होता आमचा नगराध्यक्ष हिन्रिक ओल्टमान्स. गेनादी म्हणाला, "हिन्रिक, टेबलावर चढ आणि अंगाई म्हण." एकशे दहा किलोचा हिन्रिक चढला आणि म्हटली. तिसऱ्या ओळीला टेबल वाकलं.

मैत्री समितीचा सचिव म्हणून मी इतिवृत्तात लिहिलं: 'उभय गावांचे संबंध अधिक दृढ झाले.'

शुक्रवार, २१ मार्च

रशियाने क्रिमिया खिशात घातलं. समितीची तातडीची बैठक. हिन्रिक, मी, आणि दूध काढायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकीणबाई इम्के ब्रुन्स. रेचेन्स्कमधली प्रत्येक गाय इम्केच्या यंत्राखाली उभी राहते, त्यामुळे जागतिक राजकारणावर तिची मतं ठाम असतात.

"आपण तीव्र चिंता व्यक्त करू," हिन्रिक म्हणाला.

"तीव्र नको," इम्के म्हणाली. "गायींनी काय केलंय?"

शेवटी 'गंभीर चिंता' ठरली. मसुदा मी केला. एरवी मी कर-सल्लागार आहे. माणसाला काय द्यायचंय आणि काय लपवायचंय हे एकाच वाक्यात बसवायची मला सवय आहे.

घरी बायकोला, वीब्केला वाचून दाखवला. ती म्हणाली, "यात कोण कुणावर रागावलंय ते कळत नाही."

"तेच तर कौशल्य आहे," मी म्हणालो.

मंगळवार, २२ जुलै

पूर्व युक्रेनच्या आकाशात प्रवासी विमान पाडलं. तीनशेच्या आसपास माणसं. आता नुसत्या चिंतेवर भागणार नाही हे आम्हालाही कळलं. चान्सलरबाई रशियाच्या अध्यक्षांशी सतत फोनवर असतात आणि दुसरीकडे निर्बंधही आणतायत. आम्हीही तेच धोरण घेतलं: दार उघडं ठेवायचं, पण फटकारायचं.

टप्पा एक: रेचेन्स्कला दरवर्षी जाणारा मध पाठवायचा, मात्र लहान बरणीत. टप्पा दोन: गावाच्या वेशीवर जुळ्या गावांच्या तीन पाट्या आहेत, फ्रेंच, पोलिश आणि रशियन. त्यातली रशियन पाटी यापुढे धुवायची नाही.

इम्केने टप्पा दोनवर विरोध नोंदवला.

मंगळवार, २९ जुलै

चार दिवस पावसाने झोडपलं. रशियन पाटी लखलखतेय. निर्बंध आपोआप उठले.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मिन्स्कला युद्धबंदीचा करार होऊन आठवडा झाला नाही तोच आमच्या वर्तमानपत्रात फोटो. पूर्व युक्रेनमधलं कुठलंसं गाव, रशियन मदतीच्या सामानाचे पांढरे ट्रक, आणि समोर आमचा कोबीराजा. लष्करी जाकीट, हातात टोपली.

मी फोन केला. गेनादी मोकळेपणाने बोलला. "रजेवर आहे रे. अळंबी काढायला आलोय."

समितीत दीड तास चर्चा. हिन्रिकने विचारलं, रजेचा अर्ज मंजूर झाला होता का? हा मुद्दा मला बिनतोड वाटला. आम्ही तशी लेखी विचारणा केली. चौथ्या दिवशी रेचेन्स्क नगरपालिकेच्या शिक्क्यानिशी उत्तर आलं: रजा मंजूर, कारण अळंबी. प्रकरण मिटलं.

वीब्केने फोटो चष्म्याजवळ धरून पाहिला. "मागे सूर्यफुलाचं शेत आहे."

"मग?"

"सूर्यफुलात कुठली अळंबी उगवते, एन्नो?"

मी म्हटलं, मी कर-सल्लागार आहे, वनस्पतीशास्त्रज्ञ नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आजची बैठक वेगळी झाली. वीब्के काम करते त्या वृद्धाश्रमातली परिचारिका लारिसा समितीसमोर आली. मूळची युक्रेनमधल्या पोल्ताव्हाची, बारा वर्षं आमच्या गावात. बारीक चणीची, मोजकं बोलणारी बाई. कोट काढलाच नाही.

तिचा धाकटा भाऊ मिरोस्लाव जनावरांचा डॉक्टर. उन्हाळ्यात सैन्यात बोलावलं, ऑगस्टअखेर इलोवाइस्कजवळच्या लढाईत रशियाच्या बाजूच्या लोकांनी पकडला. त्याच्याबरोबरचा एकजण सुटून आला. तो सांगतो, कैद्यांना जिथे ठेवलंय तिथे पांढरे ट्रक येतात आणि ट्रकवाल्यांचा साहेब जर्मन गाणी गुणगुणत असतो.

"तुमचा राजा," लारिसा म्हणाली. "त्याला एक फोन करा. मिरोस्लाव कुठे आहे, एवढं विचारा."

हिन्रिकने घसा साफ केला. "लारिसाबाई, तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत. पण गेनादी तिथे नाहीच. तसं लेखी आहे आमच्याकडे."

"मग फोटोत कोण आहे?"

"रजेवरचा माणूस."

"आणि समजा आम्ही विचारलं," इम्के म्हणाली, "तर तो तिथे आहे असं आम्ही मानतो असा अर्थ होतो. त्याला काय वाटेल? दुखावेल ना तो."

"दुखावेल," लारिसा म्हणाली. तो शब्द तिने असा उच्चारला, जणू दुकानात एखादी वस्तू उचलून किंमत बघून परत ठेवली. मग माझ्याकडे वळली. "टापकेनसाहेब, इतकं सगळं होऊनही तुम्ही त्याच्याशी संबंध तोडले नाहीत. मला ते पटलं होतं. म्हटलं, कधीतरी कुणाच्या उपयोगी पडतील. मग ते ठेवलेत कशासाठी?"

प्रश्न मार्मिक होता. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला.

तिला कसं समजवावं? संबंध नाजूक असतात. वापरले की झिजतात.

वीब्केचं म्हणणं वेगळं. जेवताना म्हणाली, "तुमच्या त्या उघड्या दारातून ना कुणी आत येतं, ना कुणी बाहेर जातं. नुसता वारा येतोय आणि हीटरचं बिल वाढतंय."

बुधवार, २४ डिसेंबर

नाताळच्या शुभेच्छा द्यायच्या निमित्ताने गेनादीला फोन केला. समितीने मला अधिकार दिला होता, की संभाषणाच्या ओघात योग्य वातावरण दिसल्यास लारिसाबाईंचा विषय अप्रत्यक्षपणे सूचित करावा.

चाळीसेक मिनिटं बोललो. त्याची गुडघेदुखी, माझं कोलेस्टेरॉल, लोणच्यात बडीशेपेचे तुरे आधी घालायचे की मागाहून. संभाषणाचा सूर छान होता. मग मी हळूच म्हणालो, "सणासुदीला माणसं आपापल्या घरी असावीत, नाही का?"

"असावीतच," तो म्हणाला. "आणखी काही, एन्नो?"

"नाही, तसं काही नाही."

"नक्की? आणखी काही सांगायचं नव्हतं?"

"तब्येत सांभाळ," मी म्हणालो. एका फोनमध्ये किती ताणायचं यालाही मर्यादा असते. सूचना तर पोचवली होती.

वीब्के हंस ओव्हनमध्ये सरकवत होती. तिने ओव्हनचं दार जरा जोरातच लावलं.

रविवार, २८ डिसेंबर

परवा पूर्व युक्रेनमध्ये कैद्यांची मोठी अदलाबदल झाली. टीव्हीवर बसमधून उतरणारे लोक दाखवले. लारिसाने आश्रमाच्या दिवाणखान्यात एकेक चेहरा पाहिला म्हणे. मिरोस्लाव नव्हता.

मी म्हटलं, म्हणजे प्रक्रिया सुरू झाली आहे. चिन्हं आशादायक आहेत.

गुरुवार, २९ जानेवारी २०१५

सोळा दिवसांवर कोबीफेरी, आणि राजाचं काय करायचं हा प्रश्न आ वासून उभा. काढून टाकावं, तर नियमावलीत राजाला काढायची सोयच नाही; फक्त मरण्याची आहे. बोलवावं, तर वर्तमानपत्रवाले सोलतील. न बोलवावं, तर मुकुट कोण देणार? रीत अशी की मावळत्या राजाने स्वतः नव्याचं नाव पुकारायचं.

तोडगा मी काढला, हे नम्रपणे नोंदवतो. राजाच्या खुर्चीवर एक पडदा ठेवायचा आणि त्यावर गेनादीला व्हिडिओ कॉलने जोडायचं. म्हणजे राजा आला असं कुणी म्हणू शकत नाही, आणि आला नाही असंही.

हिन्रिक खूश. इम्केने विचारलं, पडद्यासमोर ताट वाढायचं का? अर्धं वाढायचं ठरलं.

शनिवार, १४ फेब्रुवारी



परवाच चान्सलरबाई मिन्स्कला रात्रभर जागून आणखी एक करार करून आल्या. आज मध्यरात्रीनंतर तोफा थांबायच्या आहेत. गावात मूड बरा होता. साठेक माणसं, हातगाडी, पेले, सगळं नेहमीसारखं. फक्त वीब्केने लारिसाला सोबत आणलं होतं. मी म्हटलं, बरं झालं, बिचारीला जरा विरंगुळा.

खानावळीत लारिसा पडद्याच्या बरोबर समोर बसली. पडद्यावर गेनादी, मागे भिंतीवर गालिचा, हातात त्याच्याकडचा पेला. हिन्रिकने त्याचं स्वागत केलं, अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी वाजवल्यासारखं केलं.

मग ती जेवायला लागली.

पाच ताटांपर्यंत कुणाचं लक्ष नव्हतं. सहाव्याला शेजारचे गप्प झाले. वीब्के तिच्यामागे वाढपी बनून उभी, ताट संपलं की दुसरं पुढे. आठव्याला हिन्रिकने आपला काटा खाली ठेवला आणि नुसता बघत राहिला. लारिसाचं कपाळ घामाने भिजलं होतं. ती चवीने खात नव्हती. औषध घ्यावं तसं एकेक घास उतरवत होती. नववं ताट संपलं तेव्हा खानावळीत चमच्याचाही आवाज नव्हता.

पडद्यावरून गेनादी म्हणाला, "अरे वा. मला हरवलंस की पोरी. काय नाव तुझं? ग्रोनलोहकरांनो, ही तुमची कोबीराणी." सगळे हसले. "चला राणीसाहेब, सोडा हुकूम. मी टेबलावर चढायला तयार आहे, गुडघे तेवढे सांभाळा."

लारिसा उभी राहिली. तोंड पुसलं.

"माझा भाऊ मिरोस्लाव. इलोवाइस्कजवळ पकडला. तुमचे ट्रक जातात तिथे आहे. तो कसा आहे ते सांगा, आणि त्याला घरी पाठवा. हाच हुकूम."

वर्षभर जपलेलं सगळं एका वाक्यात. मी पेपर नॅपकिनवर 'तांत्रिक अडचण?' असं लिहून हिन्रिककडे सरकवलं. त्याने वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मग हा माणूस, जो गेलं वर्षभर माझ्या मसुद्याबाहेर एक शब्द बोलला नव्हता, खुर्ची मागे सारून उठला.

"गेनादी," तो म्हणाला, "हुकूम तो हुकूम. मी टेबलावर उभा राहून गायलो होतो."

"हिन्रिक, हे काय चाललंय?" गेनादी म्हणाला. "मी तिथे नसतो, माहीत आहे ना तुला?"

"ते मला काही माहीत नाही. राणीने सांगितलंय, राजाने करायचं."

मागून कुणीतरी टेबलावर पेला आपटला. मग दुसऱ्याने. थोड्या वेळाने साठ पेले एका तालात आपटत होते, इम्केचासुद्धा. गेनादीचं हसू तसंच होतं, पण डोळे आमच्यावर एकेक करून फिरले. मग चित्र थिजलं आणि पडदा काळा झाला.

लारिसा बाहेर जाऊन ओकली. वीब्के तिचं डोकं धरून होती.

आत आम्ही कोपऱ्यात उभ्याउभ्या बैठक घेतली. हुकूम पाळायच्या आधी राजा गेला, तर तो राजा उरतो का? निर्णय झाला नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

सकाळी फोन. वीब्केचे हात कणकेत, म्हणून तिने कोपराने बटण दाबून स्पीकर लावला. गेनादी.

"जिवंत आहे तिचा भाऊ," तो म्हणाला. "तब्येत फार चांगली नाही. आठवड्याभरात पुढची अदलाबदल आहे, त्यात त्याचं नाव घालायला लावलंय. तिला सांग."

"गेनादी, आम्ही तुझे अत्यंत..."

"थांब. मला एक सांग. नाताळला तू फोन केलास. दोनच दिवसांनी अदलाबदलीची बस जाणार होती आणि तिच्यात जागा होती. मला वाटलं, एन्नोने त्यासाठीच फोन केलाय. मी दोनदा विचारलं, आणखी काही? तू म्हणालास, तब्येत सांभाळ."

"मला वाटलं तू दुखावशील."

पलीकडे तो हसायला लागला. बराच वेळ हसला, खोकला येईपर्यंत. "तुम्हा लोकांना आम्ही कधी घाबरलो नाही, एन्नो. पण तुम्ही नेमकं कशाला घाबरता, तेही कधी कळलं नाही." आणि ठेवला.

एकंदरीत संभाषण मैत्रीपूर्ण झालं. इतक्या मोठ्या धक्क्यानंतरही त्याने आपणहून फोन केला, यावरून आमचे संबंध किती पक्के आहेत ते दिसतं.

वीब्के कणीक मळत राहिली. पाव दगडासारखा झाला.

रविवार, २२ फेब्रुवारी

मिरोस्लाव सुटला. काल संध्याकाळी. लारिसाला आश्रमाच्या व्हरांड्यात फोन आला आणि ती तिथेच फरशीवर बसली, असं वीब्के म्हणाली. उजव्या हाताची दोन बोटं गेली आहेत. थंडीने, जानेवारीत. जानेवारीत इकडेही कडाक्याची थंडी होती.

मी लगेच वर्तमानपत्रासाठी टिपण केलं: 'मैत्री समितीने वर्षभर धीराने चालवलेल्या संवादाला यश.' सहीसाठी हिन्रिककडे नेलं. त्याने वाचून परत दिलं.

"हे तिने कोबी खाऊन मिळवलंय, एन्नो."

मी दुरुस्ती सुचवली: 'संवाद आणि कोबी यांना यश.'

त्याने त्यावरही सही केली नाही. माणूस हल्ली चिडचिडा झालाय.

रविवार, २२ मार्च

लारिसाने दुपारच्या जेवणाला बोलावलं होतं. मिरोस्लावला हातावरच्या उपचारांसाठी इकडे आणलंय. जाऊ की नको करत होतो, कारण डिसेंबरातल्या बसची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. सांगायची आहेच. फक्त योग्य वेळ बघत होतो. आधी माणूस सुटू दे म्हटलं. मग तब्येत सुधारू दे म्हटलं. ईस्टर झाल्यावर निवांत सांगू, असं साधारण ठरलं होतं.

उंच, हाडकुळा मुलगा. हस्तांदोलनाला डावा हात पुढे करतो. जनावरांची ऑपरेशनं आता जमायची नाहीत, पण शिकवता येईल म्हणतो. त्याने तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये समितीचे आभार मानले. मी म्हणालो, आमचं ते कर्तव्यच होतं. बीटाचं सार अप्रतिम होतं. दोनदा घेतलं.

निघताना लारिसा मला कोट द्यायला आली. वीब्के दारात उभी होती.

"टापकेनसाहेब," लारिसा हलक्या आवाजात म्हणाली, "गेनादी पावलोविचने मलाही फोन केला होता."

"हो? काय म्हणाला?"

"जे तुम्हाला म्हणाला तेच. बसचं." तिने माझी कॉलर नीट केली, म्हाताऱ्यांची करते तशी. "मिरोस्लावला मी सांगितलेलं नाही. तुम्ही जेवलात, मला बरं वाटलं. सावकाश जा, रस्ता निसरडा आहे."

केवढं ओझं उतरलं. महिनाभर मी झुरत होतो आणि तिला सगळं माहीतच होतं. म्हणजे आता माझ्याकडून काही सांगायचं उरलंच नाही. थोडा धीर धरला की बरेच प्रश्न असे आपोआप सुटतात, हे मी समितीत पहिल्यापासून सांगत आलोय. गाडीत वीब्केलाही सांगितलं. ती नीट समोर बघून चालवत होती.

घरी येऊन तास होत आला. वीब्के अजून खाली गाडीतच बसली आहे. बहुधा रेडिओवर काहीतरी चांगलं लागलं असावं.